शाळेची फुटबॉल टीम: ३२ मुलं, ६ बॉल, ४५ मिनिटं. सराव बसवायचा कसा?

खडूफळा
पी.टी.च्या शिक्षकाकडे सगळंच असतं: कवायत, लेझीम, खो-खो, निवडणुकीची ड्युटी. त्यात फुटबॉल. शाळा माध्यमिक, १४ आणि १७ वर्षांखालचे मिळून ३२ जण. मैदान अर्धंच मिळतं, कारण उरलेल्या अर्ध्यात क्रिकेट. म्हणजे हाती ५० बाय ४० मीटर, तेही मुरमाचं. बॉल ६, त्यातले दोन हवा धरत नाहीत. आठवड्यातून चार दिवस, शाळा सुटल्यावर ४५ मिनिटं. तालुक्याचे सामने तीन आठवड्यांवर आलेत.

सध्याचा क्रम असा: मैदानाला पाच फेऱ्या, रिंगण करून उभ्याने स्ट्रेचिंग, रांग लावून शूटिंग, शेवटी मोठी मॅच. आणि सामन्यात काय होतं, तर मोहोळ उठल्यासारखे सगळे बॉलमागे. प्रश्न सरळ आहे. यातलं काय काढायचं, काय ठेवायचं?

पेठेतला
सर, फेऱ्या साफ काढून टाका आणि आधी रांग मोडा. हिशोब करून बघा. ३२ मुलांची एक रांग, प्रत्येकाला शूट मारून बाजूला व्हायला १० सेकंद धरा. पुन्हा नंबर लागायला सव्वापाच मिनिटं. अर्ध्या तासात एका पोराच्या वाट्याला सहा किक. बाकी वेळ तो पुढच्याच्या टपल्या मारणार, दुसरं काय करणार?

तुमच्या ५० बाय ४० मध्ये २५ बाय २० ची चार मैदानं बरोबर बसतात. एकेका मैदानावर चारास चार, म्हणजे ३२ च्या ३२ खेळात. बॉल चारच लागतात, तुमचे धड असलेले. गोल म्हणजे दोन मीटर अंतरावर दोन दप्तरं, गोलकीपर नाही. चार मिनिटं खेळ, एक मिनिट थांबा. जिंकलेली टीम एक मैदान वर सरकते, हरलेली एक खाली. दोन-तीन फेऱ्यांत तोडीस तोड पोरं आपोआप समोरासमोर येतात, निवड करायलाही सोपं पडतं.

मोहोळावर उपाय म्हणजे मैदानाचे लांबीत तीन पट्टे करायचे. एका पट्ट्यात एका टीमचे दोनच्या वर नकोत. तिसरा घुसला की बॉल समोरच्यांना. ओरडून "पसरा, पसरा" सांगितल्याने कुणी पसरत नाही, बॉल गेला की बरोबर पसरतात.

मिसळपाव_नको
दप्तरांचा गोल केला की "पोस्टाला लागून आत" यावरून किती भांडणं होतात ते पण सांगा भावा.

पेठेतला
@मिसळपाव_नको, दप्तराला लागला तर गोल नाही. संपला विषय.

शिट्टीवाला
चारास चार पटलं. पण फेऱ्या साफ काढून टाका म्हणणं मला मान्य नाही. तालुक्याला बाद पद्धत असते, संघ जास्त आले की एका दिवसात दोन सामने खेळावे लागतात. दुसऱ्या सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत गोल होतात ते कौशल्यामुळे नव्हे. मागच्या फळीतल्या पोरांचे पाय उचलत नाहीत म्हणून होतात.

पेठेतला
शिट्टीवाले दादा, पाय उचलत नाहीत हे खरं, पण ते फेऱ्यांनी सुधारत नाहीत. फुटबॉलमधलं पळणं म्हणजे दहा-पंधरा मीटर झेप, थांबणं, वळणं, परत चालणं. एका चालीने गोल गोल पळून त्यातलं काय मिळतं? दमच हवा असेल तर आठवड्यातून एकदाच घ्या: १५ सेकंद जोरात, १५ सेकंद चालत, असं दहा वेळा. तीन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा दहा. मधल्या विश्रांतीसकट तेरा मिनिटांत होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र मुळीच नाही.

शिट्टीवाला
हे चालेल. "साफ काढा" एवढ्यालाच विरोध होता.

गुडघा_स्पेशालिस्ट
रिंगणात उभं राहून ताणत बसायचं तेही जाऊ द्या. थंड स्नायू जागच्या जागी ताणून दुखापत टळत नाही. फिफाचा ११+ नावाचा तयार वॉर्म-अप आहे: १५ व्यायाम, तीन भाग. पहिली ८ मिनिटं हळू पळणं, त्यात कंबर फिरवणं आणि जोडीदाराला खांद्याने हलका धक्का. मग १० मिनिटं ताकद, उड्या, तोल. शेवटी २ मिनिटं वेगात पळणं आणि दिशा बदलणं. एकूण वीस. ४५ मिनिटांतली वीस रोज परवडणार नाहीत, तेव्हा मधला भाग आठवड्यातून दोनदा पूर्ण घ्या, बाकी दिवशी पहिला आणि शेवटचा.

मधल्या भागातला एक व्यायाम बहुतेक जण चुकवतात. पोरगा गुडघ्यांवर उभा, जोडीदार त्याचे घोटे मागून जमिनीला दाबून धरतो. कंबर न मोडता सरळ पुढे झुकत जायचं, जमेल तितकं हळू, शेवटी हात टेकायचे. मांडीचा मागचा स्नायू यानेच तयार होतो. गुडघ्याखाली पोतं किंवा सॅक घाला, मुरमावर सोलून निघतात. पहिल्या आठवड्यात तीन ते पाच वेळाच, नाहीतर दुसऱ्या दिवशी वर्गात बसता येत नाही.

आणखी एक. साधारण ११ ते १५ वयात गुडघ्याच्या वाटीच्या बोटभर खाली हाडाला टेंगूळ येतं, दाबलं की दुखतं. उंची झपाट्याने वाढताना वाटीखालचा स्नायूबंध (टेंडन) हाडाला ओढतो म्हणून ते होतं. मूल नाटक करत नसतं. उड्या आणि जोरात किक काही आठवडे कमी करायच्या, पासिंग चालू ठेवायचं. टाचदुखीचंही तसंच.

फ्रायडे_नाईट
डॅलसहून. धाग्याचं नाव बघून धावत आलो, तर तुम्ही पायाने खेळायच्या फुटबॉलबद्दल बोलताय :)

मिसळपाव_नको
हातात बॉल धरून एकमेकांना आडवे पाडायचे त्याला आमच्याकडे दहीहंडीची प्रॅक्टिस म्हणतात.

फ्रायडे_नाईट
हसा. पण आपल्याकडच्या शाळांनी इथून एक गोष्ट उचलावी, उन्हाची शिस्त. इथे हायस्कूल फुटबॉलचा सराव ऑगस्टच्या उकाड्यात सुरू होतो, अंगावर हेल्मेट आणि पॅड. पूर्वी पहिल्याच दिवशी पूर्ण जामानिम्यात पळवत, पोरं उष्माघाताने गेली आहेत. आता क्रीडा-वैद्यकीय तज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे पहिले १४ दिवस शरीर सरावायला. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत हेल्मेट आणि खांद्याचे पॅड, सहाव्यापासून पूर्ण. पहिल्या पाच दिवसांत दिवसाला एकच सराव.

दुसरा नियम म्हणजे आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. उन्हात पळणारा पोरगा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला की तो उष्माघात समजायचा, घाम येत असला तरी. बर्फाच्या टबात मानेपर्यंत बसवायचं. अँब्युलन्सला फोन त्याच वेळी, पण पोरगा टबातच.

संत्रानगरी
आमच्या विदर्भात हे सोन्यासारखं आहे भाऊ. पण टब आणायचा कुठून? शाळेत प्यायच्या पाण्याची टाकी भरली तरी नशीब.

फ्रायडे_नाईट
@संत्रानगरी, टब नसेल तर ताडपत्री. पोराला मधोमध झोपवा, सहा-आठ जणांनी कडा धरून उचला म्हणजे खोळ तयार होते, त्यात आठ-दहा बादल्या पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ. कडा आळीपाळीने वरखाली करत राहायचं, पाणी अंगावर खेळतं राहिलं पाहिजे. एकाने डोकं धरून तोंड पाण्याबाहेर ठेवायचं, हे काम त्या एकाचंच.

संत्रानगरी
ताडपत्री आहे. गॅदरिंगच्या मांडवाची.

पाण्याबद्दल माझी भर. तहान लागल्यावर प्या म्हटलं की पोरं पीत नाहीत, खेळ सोडवत नाही. दर पंधरा मिनिटांनी सगळ्यांना थांबवून अर्धा पेला. लांब चालणार असेल तर घरचं मीठ-साखर पाणी: १ लिटरला सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकून "ताकद येते" म्हणणारे मास्तर आहेत, त्यांनी पोरं ओकतात.

आझाद_मैदानी
उन्हाचं ठीक, पण शाळेचे सामने पावसाळ्यात येतात ते विसरू नका. मुंबईच्या आंतरशालेय सामन्यांत जुलै-ऑगस्टला गोलसमोर जे तळं साचतं त्यात पासिंगचा सगळा अभ्यास बुडतो. जमिनीवरून दिलेला पास तीन मीटरवर थांबतो आणि समोरच्या टीमचा खेळाडू मागून येऊन तो उचलतो. तेव्हा:

मॅचच्या आधी मैदानावर बॉल टाकत चालायचं. कुठे उसळतो, कुठे "थप्प" करून बसतो ते कप्तानाला दाखवायचं. बहुधा कडेचे पट्टे जरा कोरडे असतात, खेळ तिथून न्यायचा. स्वतःच्या गोलसमोर डबकं असेल तर तिथे बॉल थांबवायचा नाही, पहिल्याच किकेत बाहेर. आणि टॉस जिंकणारा २०१९ पासून बाजू किंवा किक-ऑफ यातलं काहीही निवडू शकतो. पावसात बाजूच घ्या. आपल्या गोलसमोर डबकं पहिल्या हाफमध्ये हवं की दुसऱ्या, हे आकाशाकडे बघून ठरवायचं. पाऊस वाढणार असेल तर खराब बाजू आधी उरकून टाका.

बुटांना चिखल चिकटला की तळाचे खुंट (स्टड) नावालाच उरतात. किटमध्ये जुना टूथब्रश आणि बोथट स्क्रूड्रायव्हर हवाच. मॅचनंतर बूट उन्हात किंवा गॅसजवळ नको, तळ उखडतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे.

मुख्याध्यापिका_नाही
बूट म्हणजे थोरल्या भावाचे, दोन नंबर मोठे, पुढे कापूस. त्यावर पण लिहा कुणीतरी.

आझाद_मैदानी
ताई, कापूस भिजला की गोळा होतो आणि बोटांना फोड. त्यापेक्षा दोन जोड मोजे आणि आत एक जादा सोल. दोन नंबर मोठा बूट मात्र खरंच नको, पाय आतल्या आत घसरतो आणि वळताना घोटा मुरगळतो.

गजकाठी
मैदान आखायचं कुणी बोललंच नाही. कोपरा काटकोनात यायला दोरीला ९, १२ आणि १५ मीटरवर गाठी. ९ एका रेषेवर, १२ दुसऱ्या रेषेवर, तिसरी बाजू बरोबर १५ भरली की कोपरा काटकोन. डोळ्याने आखलेलं मैदान समोरच्या टोकाला दोन-तीन मीटर तिरकं जातं.

पेनल्टी एरियाला खांबापासून १६.५ मीटर दोन्हीकडे. गोल ७.३२ चा, म्हणजे एकूण रुंदी ४०.३२. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर. पुढची कमान त्याच ठिपक्यावरून ९.१५ ची दोरी फिरवून काढायची. बरेच जण ती पेनल्टी एरियाच्या रेषेच्या मध्यावरून काढतात आणि मग ती पोट सुटल्यासारखी दिसते.

आणि फक्कीच्या जागी स्वस्त म्हणून चुन्याची पूड आणू नका. ओल्या मैदानावर घसरून पडलेल्याच्या गुडघ्यावर, डोळ्यात गेला की भाजतो. गेलाच तर चोळायचं नाही, भरपूर पाण्याने निदान वीस मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना.

शिट्टीवाला
गजकाठी, ती पोट सुटलेली कमान बघून रेफ्री पण गप्प बसतो, कारण परत आखायला फक्की उरलेली नसते.

नियमांचं निघालंय तर दोन गोष्टी, शाळांमध्ये हमखास फसतात त्या. गोलकिक आता पेनल्टी एरियाच्या बाहेर जायची वाट बघावी लागत नाही, किक बसून बॉल हलला की खेळ सुरू. हाही २०१९ चाच बदल. पण पोरं अजून वाट बघतात आणि समोरचा फॉरवर्ड वाटच बघत नाही. दुसरं, २०२५-२६ च्या नियमांत गोलकीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो. तेव्हा वेळ काढायला बॉल छातीशी धरून बसायची जुनी युक्ती विसरा. सामन्याआधीच्या मीटिंगमध्ये मात्र विचारून घ्या, स्थानिक स्पर्धेत काय लागू केलंय ते.

पेठेतला
गोलकीपरवरून आठवलं. शाळेत गोलकीपर म्हणजे सगळ्यात जाड किंवा उशिरा आलेला. हे आधी थांबवा. १४ खालच्या गटात दर आठवड्याला दोघे-तिघे आळीपाळीने उभे करा. बॉल कसा पकडतो त्यापेक्षा सुटल्यावर पुन्हा झेपावतो का, ते बघा. पकडणं शिकवता येतं.

मुरमावर डाइव्ह मारायला लावू नका. उकिडवं बसून बाजूला लोळायचं, मांडी, कंबर, खांदा या क्रमाने जमीन लागली पाहिजे. कोपर आधी टेकलं तर चूक. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू असेल तर तिथेच घ्या, फुकटची गादी.

लाल_माती
बाद पद्धत आहे म्हणजे पेनल्टी आल्याच. ताज्या पायांनी सराव घेऊन उपयोग नाही, शेवटच्या पाच मिनिटांत, दमलेले असताना घ्या. गोलच्या कुठल्या कोपऱ्यात मारायचं ते आधीच ठरवायचं, धावताना बदलायचं नाही. गोल चुकवणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलायचं नाही, नाहीतर सामन्यात "मी मारतो" म्हणणारे पाच मिळत नाहीत.

मांडवीकाठ
गोव्यात भात कापल्यावर शेतात पोरं खेळतात, तिथे बॉल सरळ जातच नाही. पहिला टच तिथेच तयार होतो. सरांच्या मुरमाच्या मैदानाला नावं ठेवू नका रे. फक्त बॉलमध्ये हवा कमी ठेवा. पाच नंबरच्या बॉलला नियमाने साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालतं, कडक मैदानावर नऊच्या आसपास भरला की उसळी आवरते. १४ खालच्यांना सरावाला चार नंबरचा बॉल दिलात तर हेडिंगला, म्हणजे डोक्याने मारायला पण बरं.

मुख्याध्यापिका_नाही
हेडिंगचं निघालंय म्हणून. डोक्याला डोकं आपटलं आणि मूल गोंधळलं, डोकं दुखतंय म्हणालं, स्कोअर विसरलं, उलटी झाली, यातलं एकही असलं तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. "पाणी मार, ठीक आहे" हे बंद. घरी एकट्याने सायकलवर पाठवायचं नाही, पालकांच्या हातात द्यायचं. उलट्या थांबत नसतील, झोपेतून उठत नसेल तर थेट दवाखाना.

आणि धाग्यावर आतापर्यंत सगळी "पोरं"च चालली आहेत. सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत १७ खालच्या मुलींचा गट असतो आणि बऱ्याच तालुक्यांत तीन-चारच संघ येतात. सरांच्या शाळेत सातवी-आठवीच्या पंधरा मुली जमल्या तर जिल्हा दूर नाही. अडचणी खेळाच्या नसतातच. कपडे बदलायला कडी लागणारी खोली, सोबत एक शिक्षिका, अंधार पडायच्या आत घरी. किटमध्ये सॅनिटरी पॅड आणि एक गडद रंगाची जादा शॉर्ट. या चार गोष्टी झाल्या की पालक नाही म्हणत नाहीत. मुलींमध्ये गुडघ्याचा आतला लिगामेंट फाटायचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा वर दिलेल्या वॉर्म-अपमधल्या उड्या त्यांना कधीच चुकवू नयेत. उतरताना गुडघे आत वळत नाहीत ना, ते समोर उभं राहून बघा.

खडूफळा
ताई, मुलींचं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच यादी काढतो.

संत्रानगरी
१४ खालच्या गटात मिशीवाला स्टॉपर (मधला बचावपटू) समोर आला तर काय करायचं?

मिसळपाव_नको
त्याच्या मुलाला विचारायचं, बाबा कितवीत आहेत.

शिट्टीवाला
हरकत घ्यायची तर सामन्याआधी, लेखी. नंतर कुणी ऐकत नाही. वरच्या पातळीवर वय ठरवायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात, पण तालुक्याला कागदच बघतात. म्हणून स्वतःचे कागद चोख ठेवा: जन्मदाखला, बोनाफाईड, फोटोवर अर्धा येईल असा शाळेचा शिक्का, मुख्याध्यापकांची सही. दोन झेरॉक्स संच, एक सरांच्या पिशवीत आणि एक दुसऱ्याच कुणाकडे. फोटोवरचा शिक्का राहिला म्हणून चांगला फॉरवर्ड बाहेर बसतो, दरवर्षी कुठे ना कुठे.

लाल_माती
दहावीचं वर्ष पण धरा. दिवाळीनंतर पालक काढून घेतात, म्हणून संघाचा कणा नववीचा ठेवा. क्रीडागुणांचं आमिष दाखवून थांबवू नका, ठरावीक पातळीपर्यंत पोचल्याशिवाय ते मिळत नाहीत आणि मग पालक कायमचे तुटतात.

पेठेतला
पालक एकतर काढून घेतात, नाहीतर "आमचा पण अनिकेत जाधव होणार" म्हणतात. अनिकेत २०१७ चा १७ खालचा विश्वचषक खेळला, पण त्याआधी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून रोज सराव होता. आपल्या चार दिवसांच्या ४५ मिनिटांत पोरगा खेळायला लागला, एवढं बास.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. आता असं बसवलंय, चुकत असेल तर सांगा.

पहिली ८ मिनिटं ११+ मधला पळण्याचा भाग, बुधवार-शुक्रवार मधला भागही. मग चारास चार, चार मिनिटांचे पाच खेळ, त्यातले तीन पट्ट्यांच्या नियमाने. मग १२ मिनिटं एकच गोष्ट, सोमवारी थ्रो-इन आणि कॉर्नर, बाकी दिवशी बचाव. शेवटची ५ मिनिटं पेनल्टी. बेरीज ४५.

पेठेतला
बेरीज ४५ कशी सर? पाच खेळांच्या मधलं एकेक मिनिट कुठे गेलं? संत्रानगरीचं पाणी कुठे गेलं? बुधवारी मधली दहा मिनिटं कुठून आणणार? बचावाचे १२ काढून टाका, चारास चार खेळतानाच थांबवून सांगा, तेही दोनदाच. दर चुकीला शिट्टी मारली तर परत रांगेवर आलात.

आणि १४ वाले नि १७ वाले मिसळू नका. दोन मैदानं यांची, दोन त्यांची, वर-खाली सरकणं पण आपापल्या गटातच.

खडूफळा
बरोबर. बुधवार-शुक्रवारी खेळ चारच आणि ती १२ मिनिटं रद्द. पाणी दोनदा, सगळ्यांनी एकदम.

ते दोन बॉल हवा धरत नाहीत, त्यांचं काही होईल का?

मांडवीकाठ
आधी बादलीत बुडवा. व्हॉल्व्हमधून बुडबुडे येत असतील तर सुई कोरडी घुसवून तो फाटलाय. व्हॉल्व्ह बदलता येतो, चर्मकाराकडे द्या. शिवणीतून येत असतील तर ब्लॅडर (आतला हवेचा फुगा) गेलं. कुठूनच नसतील आणि तरी दोन-तीन दिवसांत बसत असेल तर आतलं ब्लॅडर लॅटेक्सचं आहे, तो बॉल बिघडलेलाच नाही, सरावाआधी हवा भरत जायची. यापुढे सुईला ग्लिसरीनचा थेंब लावूनच घाला.

मिसळपाव_नको
आणि सुया चार घ्या. एक मोडते, एक पंपासकट क्रिकेटवाले नेतात.

खडूफळा
पंप आत्ता त्यांच्याकडेच आहे.